कडेला उभा राहणारा माणूस

कवठे येमाई म्हटलं की बाहेरच्या माणसाला येमाई देवी आठवते, नाहीतर तमाशा. फुटबॉल कुणालाही आठवत नाही. शिरूर तालुक्याच्या या बाजूला खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि घाटात पळणारे बैलगाडे. क्रिकेट आता प्रत्येक मोकळ्या रानात पोहोचलं आहे. अशा गावात मी मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. आधी मी खेळायचो, आता शिकवतो. ही दोन कामं लोकांना एकाच धंद्याची वाटतात, पण ती तशी नाहीत.

माझ्या कामाचा अर्थ मला गावानेच आधी समजावून ठेवला होता. बशीर मोमीन कवठेकर आमच्या गावचे. लावण्या, गण-गवळणी, वगनाट्यं, लोकगीतं असं आयुष्यभर त्यांनी लिहिलं आणि नावाजलेल्या फडांनी ते महाराष्ट्रभर नेलं. २०१८ साली राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ मध्ये ते गेले. लहानपणी यात्रेच्या बारीला मी मांडी घालून बसायचो तेव्हा मला गाणारी बाई दिसायची, सोंगाड्या दिसायचा, ढोलकीवाला दिसायचा. लिहिणारा कधीच दिसला नाही. शब्द त्याचे, पण टाळी, शिट्टी, दौलतजादा समोर उभं राहणाऱ्याची. एकदा फड बोर्डावर उभा राहिला की लिहिणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. प्रशिक्षकाचं अगदी तेच आहे. पंचाने शिट्टी वाजवली की तुम्ही जे काही करायचं ते करून झालेलं असतं. तुमचं सगळं शिकवणं त्या अकरा पोरांच्या पायांत गेलेलं असतं, नाहीतर गेलेलं नसतं.

माझ्या खेळण्याची गोष्ट फार मोठी नाही. दहावीनंतर मी खडकीला मामांकडे राहायला गेलो आणि आयटीआयला नाव घातलं. खडकी, रेंजहिल्स, कॅम्प हा पुण्याच्या फुटबॉलचा जुना पट्टा. छावणी आणि दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींतली मुलं लहानपणापासून चेंडूला पाय लावतात. मी कबड्डी खेळून आलेला. दम होता, मांड्यांत ताकद होती, अंगाला अंग भिडवायची भीती नव्हती, पण चेंडू पायाशी थांबत नव्हता. म्हणून मला राइट बॅकला टाकलं. तिथे मी रमलो. जिल्हा लीगमध्ये एका क्लबकडून काही हंगाम खेळलो. पावसाळ्यात चिखलात, उन्हाळ्यात धुळीत. एका कंपनीच्या संघाच्या निवडीपर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात एका सामन्यात वळताना उजवा गुडघा आतून फाटला. लिगामेंट. ऑपरेशन सांगितलं. त्या वर्षी कांद्याचे पैसे आले, पण घरात बहिणीचं लग्न होतं, आणि कुणी मला न विचारताही त्या पैशांचं काय करायचं ते ठरलेलं होतं. मीही वेगळं काही ठरवलं नसतं. गुडघा चालण्यापुरता बरा झाला. वळण्यापुरता नाही. राइट बॅकचं अर्धं काम वळण्याचं असतं.

त्यानंतर जे झालं त्यातून मी प्रशिक्षक झालो असं मला आज वाटतं. खेळता येत नव्हतं म्हणून मी बघायला जाऊ लागलो. पुणे एफसी त्या वेळी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आय-लीगचे सामने खेळायची. २००७ साली सुरू झालेला हा क्लब २०१२-१३ च्या हंगामात चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग देशात दुसरा आला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. स्वतः साळगावकरचे बचावपटू, भारताकडूनही खेळलेले. त्याआधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला त्यांनी २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. एका बचावपटूने बसवलेला बचाव बघणं ही माझ्यासाठी शाळा होती. स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवर बसलं की मैदान पटासारखं उलगडतं. सगळं स्टेडियम चेंडूकडे बघत असताना मी चेंडूपासून लांबच्या चौघांकडे बघायला लागलो. डावीकडे चेंडू गेला की उजवा बॅक किती आत सरकतो, दोन सेंटर बॅकमध्ये किती अंतर राहतं, एक जण पुढे तुटून पडला की त्याची जागा कोण भरतो. मी इतकी वर्षं त्या जागी उभा राहिलो होतो, पण हे सगळं एकत्र मला कधी दिसलं नव्हतं. मैदानात असताना माणसाला आपला शत्रू दिसतो आणि चेंडू दिसतो. बाकीचे वीस जण अंदाजाने कळतात.

पुढे मी बीपीएड केलं आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा कोर्स पुण्यात केला. हा प्रशिक्षकाच्या शिडीचा खालचा भाग. त्याच्या वर सी, बी, ए आणि प्रो. काही दिवसांचाच कोर्स, पण त्यात एक प्रसंग असा घडला की मी तो अजून वागवतो. आम्ही सगळे जुने खेळाडू. प्रत्येकाने बाकीच्यांना खेळाडू मानून पंधरा-वीस मिनिटांचा सराव घ्यायचा होता. माझा विषय पासिंग. मी पास देऊन दाखवला, चांगला दिला. शिकवणारे म्हणाले, ‘‘तुम्ही दिला तो दिसला. आता आठ वर्षांच्या मुलाला सांगा, त्याने काय करायचं?’’ मग मला एकेक गोष्ट वेगळी करावी लागली. न मारणारा पाय चेंडूच्या शेजारी, बोटं जिकडे चेंडू जायचा तिकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा कडक. पावलाचा आतला भाग चेंडूच्या मध्यावर. खाली लागला तर चेंडू उडतो, वर लागला तर दबतो. आणि या सगळ्याच्या आधी, चेंडू आपल्याकडे येत असतानाच, खांद्यावरून एकदा मागे बघून घ्यायचं. हे शेवटचं मी हजारदा केलं होतं. करतो हे मला माहीत नव्हतं.

खेळाडूला जे येतं ते त्याच्या अंगात असतं. त्याला ते सांगता येण्याची गरज नसते. प्रशिक्षकाला ते स्वतःच्या अंगातून काढून, सुटं करून, दुसऱ्याच्या अंगात जोडावं लागतं, आणि तेही प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे वेगळं. उत्तम खेळलेली पुष्कळ माणसं शिकवताना अडतात ती इथे. ‘असं कर’ एवढंच त्यांच्याकडे असतं. मला वाटतं, मधला माणूस, ज्याला खेळ सहज आला नाही, ज्याने तो शिकून घेतला, तो अनेकदा चांगला शिकवतो. त्याला पायऱ्या आठवतात. माझ्या बाबतीत कबड्डीने मला हीच मदत केली. चेंडू थांबवायला मी कितव्या वेळी आणि कशाने शिकलो हे मला ठाऊक होतं.

गावी परत आलो तो शाळेत तासिका तत्त्वावर. २०१७ हे वर्ष होतं. त्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होता, काही सामने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्याच्या आधी १५ सप्टेंबरला राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ केलं, दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू आले. आमच्याही भागातल्या शाळांत आले. तो दिवस मला आवडला होता. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मुलांच्या पायाला खरा फुटबॉल लागलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी बरेच चेंडू कपाटात गेले, कारण चेंडू पोहोचला होता, शिकवणारा पोहोचला नव्हता. मी कपाट उघडायला लावलं. माझं इथलं काम तिथून सुरू झालं.

मैदान म्हणजे मुरमाचं. एका बाजूला उतार. पावसाळ्यात वरच्या अंगाचं पाणी खालच्या गोलमध्ये साचतं आणि उन्हाळ्यात जमीन अशी कडक होते की चेंडू छातीएवढा उसळतो. हिरवळीवर बनवलेले सराव इथे जसेच्या तसे चालत नाहीत. घसरून अडवायला मी शिकवतच नाही, मांडी सोलवटून निघेल. उसळणारा चेंडू मांडीवर, छातीवर घेऊन खाली बसवणं मात्र आमच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर येतं, कारण त्यांना दुसरा चेंडूच मिळत नाही. उताराचाही मी उपयोग करतो. चढाच्या बाजूला खेळताना लांब मारून भागत नाही, आखूड पासच द्यावे लागतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू लागतो, मोठ्यांना पाच नंबरचा. खडीवर चेंडूची शिवण टिकत नाही. म्हणून मी दर आठवड्याला टाके बघतो आणि हवा थोडी कमी ठेवतो.

बूट सगळ्यांकडे नसतात. अनवाणी मुलांना मी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट सांगतो. त्या भारतीय संघातले बरेच जण अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या एका गोलने, २-१ ने हरले. मुलं खूश होतात. पण लगेच सांगतो की नंतर बूट घालूनच खेळावं लागलं, आणि तुम्हालाही घालावे लागणार. गरिबीचं कौतुक करून मुलं पुढे जात नाहीत.

मला सगळ्यांत जास्त बळ दिलं ते एका शाळामास्तरच्या चरित्राने. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते खेळाडू होते, शिक्षक होते आणि मग भारताचे प्रशिक्षक झाले. १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदकं त्यांच्या हाताखाली आली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. रहीमसाहेब जकार्ताचं सुवर्ण जिंकले तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते आणि पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, गेले. त्यांच्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. देशाच्या फुटबॉलमधलं इतकं मोठं काम वर्गात हजेरी घेणाऱ्या माणसाकडून झालं, हे मी शिक्षकांच्या खोलीत नेहमी सांगतो.

पालकांशी बोलणं हे या कामातलं सगळ्यांत अवघड प्रकरण. एका मुलाचे आजोबा मैदानाच्या कडेला गाडी लावून म्हणाले, ‘‘सर, कांदं काढायला माणूस मिळंना, अन् तुम्ही पोराला हितं पळवताय. त्या फुटबॉलनं पोट भरणार हाय का त्याचं?’’ मी म्हणालो, ‘‘बाबा, भरेलच असं नाही सांगत. पण काढणीच्या दिवसांत मी सराव सकाळी घेतो, पोरगं नऊला तुमच्या रानात.’’ तेव्हापासून आमचं वेळापत्रक शेतावर चालतं. कांद्याची लागण, काढणी, बाजरीची सोंगणी, यात्रा, सगळं धरून मी हंगाम आखतो. शहरातल्या अकादमीचं वेळापत्रक इथे लावलं तर मैदान रिकामं राहील. त्या आजोबांना मी पोट भरेल असं खोटं सांगितलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांनी पोराला पाठवलं. फुटबॉलवर पोट भरणारी मुलं महाराष्ट्रात आहेत, पण थोडी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी नावं घराघरांत आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामन्याला पेठा लोटतात. तिथे मुलगा जन्मतो तोच एखाद्या तालमीचा होऊन. आमच्याकडे पहिली पिढी घडते आहे.

मुलींचं एवढंच सांगतो, की त्या आल्या त्या मुलांच्या नंतर आणि शिकल्या मुलांच्या आधी. कारण त्या ऐकतात. आयांना हाफ पँटचं वाटायचं, मग आम्ही खाली लेगिंग्ज ठेवल्या आणि विषय संपला. आमच्या गोलरक्षक मुलीच्या आईने तर स्वतः शिवणाच्या मशीनवर सगळ्या संघाचे बिब शिवून दिले, अर्धे पिवळे, अर्धे केशरी. आंतरशालेय सुब्रतो चषकाला मुलींचा सतरा वर्षांखालचा गट असतो. तालुक्याच्या सामन्याला आम्ही उतरलो तेव्हा समोरच्या संघाने आम्हाला सरळ हरवलं. परतीच्या जीपमध्ये मुली सामन्याबद्दल बोलत होत्या, कुणाची जागा कुठे रिकामी राहिली, कोणी मागे यायला हवं होतं. गोल किती झाले यावर कुणी बोललं नाही. त्या दिवशी मला समाधान वाटलं, आणि हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला असं समाधान वाटू शकतं हे खेळताना मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

एका मुलाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. आमच्या भागात कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला. दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि पाडव्याच्या आसपास टोळी उठते. एका हंगामात कोप्यांतला एक मुलगा मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. कडेवर धाकटी बहीण. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात गेले की बहीण त्याची. एकदा चेंडू त्याच्याकडे गेला. बहिणीला कडेवर तसंच ठेवून त्याने डाव्या पायाने तो परत दिला. चेंडू जमिनीला चिकटून माझ्या पावलावर आला. डावखुरा पाय सहज मिळत नाही, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. मी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, ‘‘हिला कुठं ठेवू?’’ आमच्या मुलींनी आळीपाळीने तिला सांभाळायचं ठरवलं.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, त्यावर आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला वर्गात बसवून घेतलं. वर्गात तो गप्प, मैदानावर बोलका. चेंडू यायच्या आधी मान फिरवून बघायला मला इतर मुलांच्या मागे महिनोन् महिने लागावं लागतं. याला ते आधीपासून येत होतं. बहीण कुठे आहे हे बघायची त्याला सवय होती म्हणून तो मागे बघायचा. मी त्याला एवढंच सांगितलं की बहिणीच्या जागी आता समोरचा बॅक आहे असं समज. शालेय स्पर्धेत मी त्याला उतरवू शकलो नाही, त्याचं नाव त्याच्या गावच्या शाळेच्या पटावर होतं. मार्चअखेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गवऱ्या, शेळ्या भरल्या गेल्या आणि त्यातच ती दोघं.

पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. मी मुकादमाकडून गावाचं नाव घेऊन तिथल्या शाळेच्या गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, ‘‘तो तुमचाच का? इथं सगळ्या पोरांना गोल करून मध्ये दोघांना ठेवतो अन् चेंडू फिरवायला लावतो.’’ तो रोंडो होता. मी त्याला हा शब्द कधी सांगितला नव्हता, नुसता खेळवला होता. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपल्या गावी जाऊन शिकवत होता. तेव्हापासून मी त्या गुरुजींना मोबाइलवर सरावाचे आराखडे पाठवतो. ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घेतात, कारण तेवढेच महिने मुलं गावात असतात. माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यांत चांगलं काम कोणतं असं विचारलं तर मी हे सांगेन.

आता थोडं खालिद जमील यांच्याविषयी. महाराष्ट्रात खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो याचं आज त्यांच्याइतकं पूर्ण उदाहरण दुसरं नाही. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असं खेळणं सगळं मुंबईतच झालं. दुखापतींनी खेळ आटोपला आणि २००९ मध्ये त्याच मुंबई एफसीचे ते प्रशिक्षक झाले. त्यानंतर अनेक हंगाम कमी पैशांच्या संघाला त्यांनी आय-लीगमधून खाली जाऊ दिलं नाही. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही. खाली न जाणं हा पराक्रम आहे हे फक्त त्या कामातल्या माणसाला कळतं. २०१६ मध्ये ते ऐझॉलच्या संघाकडे गेले. तो संघ आधीच्या हंगामात उतरंडीला लागून बाहेर पडला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा आत आला होता. त्याच संघाला त्यांनी पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकून दिली. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईचे खेळाडू त्यांच्याबरोबर होते. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये बरोबरी पुरे होती. तिथल्या लाजाँग संघाने आधी गोल केला, दुसऱ्या अर्धात ऐझॉलने बरोबरी साधली, १-१. त्याच हंगामात मुंबई एफसी खाली गेली.

त्या वर्षी मी गावात नुकताच आलो होतो आणि मोबाइलवर तो सामना पाहिला. कडेला येरझाऱ्या घालणाऱ्या त्या माणसाकडे बघताना मला वाटलं, मुंबईतल्या त्या वर्षांत कुणी त्यांना टाळ्या वाजवल्या असतील का? ऐझॉलचं ते वर्ष मुंबईतल्या न दिसलेल्या वर्षांवर उभं होतं. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर, आणि १ ऑगस्ट २०२५ ला भारताचे मुख्य प्रशिक्षक. २०१२ पर्यंत गोव्याचे सावियो मेदेरा होते, त्यांच्यानंतर तेरा वर्षांनी ही जागा भारतीय माणसाला मिळाली. सुरुवात जोरात झाली. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक घेतला. लगेच ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हार आणि आशियाई चषकाचं दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडून बावीस वर्षांनी पराभव. सप्टेंबरात ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं तेच नोव्हेंबरात त्यांच्यावर तुटून पडले. दोन महिन्यांत माणूस हुशाराचा बिनकामाचा होत नाही. ज्या देशात बहुतेक मुलांच्या हाती बाराव्या वर्षापर्यंत शिकवणारा माणूस लागत नाही, तिथला राष्ट्रीय प्रशिक्षक वरच्या मजल्यावर उभा राहून पाया दुरुस्त करू शकत नाही. पायाचं काम आमच्याकडे आहे. ते आम्हाला करू द्या, एवढंच म्हणणं आहे.

ते करायला अडचणी काय येतात? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शेजारी पिंपरखेडच्या बाजूला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. सगळा भाग हादरला. लोक महामार्गावर उतरले. मैदानाच्या दोन बाजूंना ऊस. मी संध्याकाळचा सराव बंद केला. ऊन चांगलं वर आल्यावर, नाहीतर शाळा सुटल्याबरोबर लगेच, आणि मुलं घरी सोडायची ती घोळक्याने, सोबत मोठा माणूस. थंडीच्या दिवसांत त्यामुळे सरावाचा वेळ जवळपास निम्मा झाला. मैदानावर दिव्यांचे चार खांब आणि कडेने जाळीचं कुंपण असतं तर एवढं झालं नसतं. पण मुलाच्या जिवापुढे सराव काही नाही, आणि एकाही पालकाला मला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरी अडचण पगाराची. तासिकेवर काम करणाऱ्या माणसाचे तास सुट्टीत थांबतात, आणि फुटबॉल तर सुट्टीतच शिकवायचा असतो. मी दुपारी वडिलांबरोबर शेती बघतो म्हणून माझं भागतं. माझ्याबरोबर डी लायसन्स केलेले बहुतेक जण आज रांजणगावच्या कंपन्यांत पाळ्यांवर आहेत, आणि त्यांच्यातले दोघे-तिघे माझ्यापेक्षा चांगले प्रशिक्षक झाले असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे, की सहावी ते आठवीला शंभरांहून जास्त मुलं असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. प्रत्येक शाळेला मैदान असावं हेही त्याच परिशिष्टात आहे. म्हणजे नवा कायदा करायची गरज नाही. आहे तो वाचून गावाने शाळेकडे, शाळेने जिल्ह्याकडे, जिल्ह्याने शासनाकडे मागायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. ठराव त्यांनीच करायचा आहे.

शिरूर, दौंड, आंबेगाव भागात माझ्यासारखे बरेच जण असतील, जे पुण्यात, मुंबईत, एखाद्या कारखान्याच्या किंवा पोलिसांच्या संघातून काही वर्षं खेळून गावी परतले आहेत. गुडघा गेलाय, घर आहे, शेत आहे, कुणी विचारत नाही. गावकऱ्यांनो, त्यांना विचारा. आठवड्यातून तीन सकाळी मैदानावर या म्हणा. आणि त्या माणसांना माझं सांगणं आहे, तुम्ही कुठल्या पातळीवर खेळलात याची लाज धरू नका. आठ वर्षांच्या मुलाला पाऊल कुठे ठेवायचं हे सांगायला तेवढं खेळणं पुरतं. डी लायसन्सच्या कोर्सची माहिती जिल्हा फुटबॉल संघटनेकडे मिळते, अठरा वर्षं पूर्ण असली की करता येतो. आणि ज्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी कवठ्याला यावं. रविवारी सकाळी आम्ही मैदानावर असतो. येताना चार नंबरचे जुने चेंडू असतील तर आणा, टाके आम्ही घालून घेऊ.